इंजिन गेले, मोटर आली. मागच्या स्प्रिंगचे काय?

शिरवळला महामार्गाच्या कडेला पाच-दहा मिनिटे उभे राहा आणि जाणाऱ्या मालट्रकांच्या फक्त मागच्या चाकांकडे पाहा. रिकाम्या ट्रकचे पाटे धनुष्यासारखे वाकलेले दिसतील. मालाने भरलेल्या ट्रकचे तेच पाटे जवळजवळ सरळ झालेले असतील. आता आणखी एक गोष्ट पाहा. गतिरोधकावरून जाताना रिकामा ट्रक खडखडत, आदळत जातो. भरलेला ट्रक मात्र डुलत, सावकाश खाली-वर होत पुढे सरकतो. गाडी त्याच जातीची, पाटेही तसेच. फरक फक्त वजनाचा. या एका निरीक्षणात आजच्या लेखाचा निम्मा विषय आला आहे.

पेट्रोलच्या गाडीतील इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसविण्याचे प्रयोग हल्ली पुष्कळ ठिकाणी चालतात. आय.टी.आय.चे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्याविषयी विचारायला येतात. त्यांचा प्रश्न बहुधा असा असतो : "सर, इंजिन काढले, मोटर बसविली, बॅटरी डिकीत ठेवली आणि मागच्या स्प्रिंगा जरा कडक टाकल्या. झाले ना काम?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. उदाहरणासाठी आपण स्पोर्ट्स कार घेऊ. ती आपल्या भागात क्वचितच दिसते हे खरे. पण तिची उंची कमी, चाकांना खाली-वर व्हायला जागा थोडी आणि वेग जास्त, त्यामुळे तिच्यात चूक लवकर उघडी पडते. नियम मात्र जीपला आणि रिक्षालाही तेच आहेत.

वजन कुठे ठेवायचे हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मोटारीला जू नसते, म्हणून ती उलार झालेली चटकन दिसत नाही, इतकेच.

समजा, आपली गाडी १,००० किलोग्रॅम वजनाची आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांवर प्रत्येकी ५०० किलो भार आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.३ मीटर. आता इंजिन, गिअरपेटी, पेट्रोलची टाकी हे सर्व काढले. मोटर मागच्या चाकांमध्ये बसविली, बॅटरीचा थोडा भाग पुढे आणि बराच भाग मागे ठेवला. गाडी भुईकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन वजन केले. एकूण भरले १,१२० किलो आणि मागच्या चाकांवर ६२० किलो. म्हणजे पुढचा भार तेवढाच राहिला आणि वाढलेले सगळे १२० किलो मागे गेले. पुढच्या चाकांपासून गुरुत्वमध्याचे अंतर पूर्वी १.१५ मीटर होते. ते आता ६२० भागिले १,१२० गुणिले २.३, म्हणजे सुमारे १.२७ मीटर झाले. गुरुत्वमध्य १२ सेंटीमीटर मागे सरकला. कोणतीही स्प्रिंग विकत घेण्याआधी हे वजन करणे आवश्यक आहे. ते न करता अंदाजाने काम करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता मागच्या एका चाकाकडे पाहू. त्यावरचा भार २५० किलोचा ३१० किलो झाला. यांतले चाक, टायर, ब्रेक वगैरे मिळून ३० किलो स्प्रिंगच्या खाली असतात. स्प्रिंगला ते उचलावे लागत नाहीत. म्हणून स्प्रिंगवरचे वस्तुमान २२० किलोचे २८० किलो झाले. चाकाच्या ठिकाणी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिलिमीटर धरा. स्प्रिंग पूर्वी २२० × ९.८ भागिले २५, म्हणजे ८६ मिलिमीटर दबलेली होती. आता ती ११० मिलिमीटर दबेल. मेकॅनिक म्हणतात 'गाडी मागे बसली', तेव्हा ते या २४ मिलिमीटरांविषयी बोलत असतात. आपण या दबण्याला 'बैठक' असे नाव देऊ.

ही बैठक फार उपयोगाची राशी आहे. तुम्ही लंबकाचा दोलनकाल शिकला आहात : लांबीला गुरुत्वत्वरणाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि ६.२८ ने गुणायचे. स्प्रिंगवर बसलेल्या गाडीचा दोलनकालही अगदी याच सूत्राने मिळतो. फक्त लंबकाच्या लांबीऐवजी बैठक घालायची. याचे कारण सोपे आहे. स्प्रिंगच्या सूत्रात वस्तुमान भागिले कडकपणा येते, आणि बैठक म्हणजे वजन भागिले कडकपणा. दोहोंत फरक फक्त गुरुत्वत्वरणाचा. म्हणजे ८६ मिलिमीटर बैठक असलेली गाडी आणि ८६ मिलिमीटर लांबीचा लंबक एकाच ठेक्यात हलतात! आकडेमोड केली तर मूळ गाडीचा दोलनकाल ०.५९ सेकंद, म्हणजे सेकंदाला १.७ दोलने असा येतो. बदललेल्या गाडीचा तो ०.६६ सेकंद येतो, म्हणजे सेकंदाला १.५ दोलने. भरलेला ट्रक सावकाश का डुलतो हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

बसलेली गाडी उचलण्याचा एक स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगखाली जाड चकती घालणे. त्याने गाडीची उंची पूर्ववत होते, आणि मालक खूश होतो. पण स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, बैठक ११० मिलिमीटरच राहते, दोलनकालही तोच राहतो. उंची आणि ठेका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेका पूर्वीइतका हवा असेल तर कडकपणा वस्तुमानाच्याच प्रमाणात वाढविला पाहिजे : २५ गुणिले २८० भागिले २२०, म्हणजे जवळजवळ ३२ न्यूटन प्रति मिलिमीटर.

इथे एक खाचखळगा आहे. स्प्रिंग चाकावर नसते. ती आर्मवर, बिजागरी आणि चाक यांच्या मध्ये कुठेतरी टेकलेली असते. समजा, ती आर्मच्या लांबीच्या ०.७ अंतरावर आहे. चाक १० मिलिमीटर उचलले तर स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबते, आणि तिने दिलेले बलही तरफेच्या नियमाने चाकापाशी ०.७ पटच पोहोचते. अंतर ०.७ पट आणि बलही ०.७ पट, म्हणून कडकपणा ०.४९ पट. चाकापाशी ३२ न्यूटन हवे असतील तर स्प्रिंग ६५ न्यूटन प्रति मिलिमीटरची घ्यावी लागेल. हा वर्ग विसरला की सगळा हिशेब चुकतो.

स्प्रिंग बदलली तरी शॉक अॅब्सॉर्बर तोच ठेवला तर? शॉक अॅब्सॉर्बरचे काम दोलने विझविण्याचे, म्हणजे अवमंदनाचे. दोलन एकदाही न होता गाडी जागेवर यावी यासाठी जेवढे अवमंदन लागते ते कडकपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. आपण दोन्ही १.२७ पट केली. म्हणून वर्गमूळही १.२७ पट झाले. शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुनाच. पूर्वी तो गरजेच्या ३० टक्के अवमंदन देत असेल तर आता २४ टक्केच देईल. मागचा भाग उंचवट्यानंतर जास्त वेळ उसळत राहील, आणि चाक उसळलेले असताना टायरची रस्त्यावरची पकड कमी असते. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत असे जाणकार म्हणतात ते याचसाठी.

वळणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गुरुत्वमध्य मागे गेला की वळणावर गाडीला आत ओढून धरण्याचे काम मागच्या टायरांवर जास्त पडते. तुम्ही म्हणाल, भार वाढला तर घर्षणही वाढेल. वाढते, पण टायरच्या बाबतीत ते भाराच्या प्रमाणात वाढत नाही. थोडे मागे राहते. म्हणून मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती वाढते. त्यातच आपण मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा कडक बाजू कलण्याला जास्त विरोध करते आणि त्या बदल्यात बाहेरच्या चाकावर जास्त भार घेते. म्हणजे बसलेली गाडी उचलण्यासाठी केलेला उपाय वळणावर मागचे बाहेरचे टायर आणखी थकवितो! यावर तोड म्हणून पुढच्या बाजूची कल रोखणारी आडवी दांडी थोडी जाड करतात, म्हणजे पुढची चाकेही तो वाटा उचलतात. मागे केलेल्या दुरुस्तीचा शेवट असा पुढे होतो. खंबाटकी घाटाच्या वळणांवर नेण्याआधी अशी गाडी मोकळ्या मैदानात तपासायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

जगात हा प्रश्न दोन प्रसिद्ध गाड्यांनी दोन वेगळ्या तऱ्हांनी सोडविला. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने २००८ साली विकायला काढलेली 'रोडस्टर' ही इंग्लंडच्या लोटस 'एलिस' या हलक्या स्पोर्ट्स कारवरून बेतलेली होती. एलिसचे वजन ९०० किलोच्या आसपास. तिचे इंजिन आसनांच्या मागे असे. त्या जागी टेस्लाने ६,८३१ छोट्या विद्युत्घटांची, सुमारे ४५० किलो वजनाची बॅटरी बसविली. गाडी बाराशे किलोंच्या वर गेली, मागची बाजू आधीच जड होती ती जडच राहिली, चौकट पाच सेंटीमीटर लांबवावी लागली आणि एकामागून एक भाग बदलावे लागले. तयार गाडीवर नवी गाडी बेतण्याने वाचेल असे वाटलेले श्रम फारसे वाचले नाहीत.

दुसरी गाडी जॅग्वारची. १९६१ साली आलेली 'ई-टाइप' ही गाडी अनेकांना जगातील सर्वांत देखणी वाटते. तिच्या १९६८ सालच्या एका गाडीत जॅग्वारच्याच कारखान्याने मोटर बसविली आणि २०१७ साली ती लोकांपुढे मांडली. त्यांनी अगदी उलट विचार केला. बॅटरीचा आकार आणि वजन जुन्या इंजिनाएवढे ठेवले आणि ती इंजिनाच्याच जागी बसविली. मोटर गिअरपेटीच्या जागी. तिथून दांडा पूर्वीच्याच डिफरन्शियलकडे. गाडी मुळापेक्षा ४६ किलोंनी हलकी झाली, आणि म्हणून स्प्रिंगा, आर्म, ब्रेक यांना हात लावावा लागला नाही. माझ्या मते या दोहोंत जॅग्वारचा मार्ग विद्यार्थ्याने आधी अभ्यासावा. तो कमी धाडसाचा आहे, पण त्यात प्रत्येक किलोचा विचार आहे.

जॅग्वारने डिफरन्शियल जागेवर का ठेवले, याला आणखी एक कारण सापडते. त्या गाडीत डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारा दांडा फक्त चाक फिरवीत नाही. तो चाकाला सरळ उभे धरणारा वरचा आर्मही असतो. एक आर्म खाली आणि वर हा फिरता दांडा. अशी रचना आणखीही काही जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आहे. एखाद्याने डिफरन्शियल काढून तिथे दुसऱ्या गाडीचा मोटर-गिअरचा तयार संच बसविला, तर त्या संचाचे दांडे आत-बाहेर सरकणाऱ्या सांध्यांचे असतात. ते चाक फिरवतील, पण धरून ठेवणार नाहीत. वरचा आधारच नाहीसा होईल! तेव्हा नवा वरचा आर्म बनविणे आणि त्याच्या बिजागऱ्यांना चौकटीत भक्कम जागा देणे भाग पडते. मागच्या सस्पेन्शनमधील खरा बदल म्हणतात तो हा. अशा रचनेत गाडी नुसती बसली तरी दोन्ही चाके वरच्या बाजूने एकमेकींकडे झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतात.

आता पिळाकडे वळू. पुस्तकात याला बल-आघूर्ण म्हणतात. आपली मोटर २५० न्यूटन-मीटर पीळ देते आणि गिअर तो ९ पट करतात असे धरा. चाकांना २,२५० न्यूटन-मीटर मिळतील. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असेल तर रस्त्यावर ७,५०० न्यूटन ढकल. पेट्रोलची गाडीही पहिल्या गिअरमध्ये याच्या जवळपास पोहोचू शकते; फरक आहे तो वेळेचा. इंजिनाला आधी गती घ्यावी लागते, क्लच थोडा घसरतो, पीळ हळूहळू चढतो. मोटर गाडी उभी असतानाच पूर्ण पीळ देते.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चाके एका दिशेने पिळली की मोटरचा सांगाडा उलट दिशेने तेवढाच पिळला जातो. सांगाड्याचे पुढचे-मागचे बोल्ट अर्धा मीटर अंतरावर असतील तर प्रत्येक बाजूच्या बोल्टांवर ४,५०० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंहून जास्त वजनाएवढे बल येईल. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. पातळ पत्र्यात छिद्र पाडून हे बल पेलणार नाही. त्यासाठी वेगळी जाड नळ्यांची चौकट लागते. जुन्या पद्धतीचे, पाट्यांवर बसविलेले हाऊसिंग असेल तर ही उलटी पीळ पाट्यांना सोसावी लागते. पाटे नागमोडी वळतात, सुटतात, पुन्हा वळतात, आणि चाके रस्त्यावर थयथयाट करू लागतात. तिथे पिळाला अडविणारा एक लांब दांडा जोडणे हा उपाय.

वेग घेताना गाडी मागे का बसते, हेही पाहू. दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढत असेल आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर असेल तर पुढून मागे सरकणारा भार १,१२० × ४ × ०.५ भागिले २.३, म्हणजे सुमारे ९७० न्यूटन. जुन्याच स्प्रिंगांवर मागची बाजू त्यामुळे आणखी २ सेंटीमीटर खाली जाईल. आधीचे २४ मिलिमीटर, वर हे. खड्ड्यासाठी जागा उरली किती? हे बसणे आर्मच्या कलाने बरेच कमी करता येते. चाकाकडून पुढे चौकटीकडे जाणारा आर्म थोडा वर चढत गेलेला असेल तर चाकाच्या ढकलीचा काही भाग चौकटीला वर उचलतो.

मोटर सरळ चाकातच बसवावी, मग दांडे नकोत आणि डिफरन्शियलही नको, असे पुष्कळांना सुचते. कल्पना सुंदर आहे. पण मग स्प्रिंगखालचे वस्तुमान ३० ऐवजी ५० किलो होईल. चाक स्वतः टायरच्या हवेवर उसळत असते. टायरचा कडकपणा २०० न्यूटन प्रति मिलिमीटर धरला तर ३० किलोचे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा थरथरते, ५० किलोचे ११ वेळा. रस्त्यावर एकेक मीटरवर आडव्या पट्ट्या असतील तर पहिल्या चाकाचे अनुस्पंदन ताशी ५० किलोमीटरला येईल, दुसऱ्याचे ३८ ला. शिवाय जड चाक आपटले की गाडीला बसणारा धक्काही मोठा.

ब्रेक लावताना मोटर जनित्र होते आणि बॅटरी भरते. १०० मीटर उंचीचा घाट उतरताना या गाडीची स्थितिज ऊर्जा सुमारे ११ लाख ज्यूल, म्हणजे विजेचे ०.३ युनिट एवढी कमी होते. त्यातला काही भाग परत मिळतो. पण मोटर फक्त मागच्या चाकांवर आहे, आणि ब्रेक लावताना भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात. पावसाळी रस्त्यावर सगळा ब्रेक मागेच लागला तर मागची चाके घसरतील. म्हणून हा ब्रेक माफकच ठेवावा लागतो.

आपल्या देशात अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. मनाला येईल तसे बदल चालत नाहीत. रूपांतराच्या संचांसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि त्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, 'एआरएआय', १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे.

आता थोडे हाताने करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लांब, मऊ स्प्रिंग घ्या. वळसे एकमेकांना घट्ट चिकटलेली स्प्रिंग नको; तिला आधी सैल करण्यातच काही बल खर्ची पडते आणि हिशेब चुकतो. तिला वजने टांगून ती बरोबर २५ सेंटीमीटर ताणली जाईल असे करा. शेजारी २५ सेंटीमीटर लांबीचा लंबक टांगा. लांबी गोळीच्या मध्यापर्यंत मोजा. दोन्ही एकदम सोडा. लंबक थोडाच हलवा. वीस दोलनांना दोन्हीकडे २० सेकंद लागतील. स्प्रिंगला तिच्या स्वतःच्या वजनामुळे किंचित जास्त. नंतर टांगलेली वजने पाण्याच्या बादलीत बुडतील अशी व्यवस्था करून स्प्रिंग पुन्हा सोडा आणि किती दोलनांत ती थांबते ते मोजा. तीच मोजणी गोडेतेलात करा. मग वजन वाढवा, तेल तेच ठेवा, आणि पुन्हा मोजा.